फाट्यापर्यंत फुल्ल गाडी

माझ्या मायनं गावात सांगून ठेवलं आहे की तिचा पोरगा विमानात असतो. अकरा वर्षांत मी हे एकदाही दुरुस्त केलेलं नाही. पहिली चार वर्षं तर मी विमानात पायसुद्धा ठेवला नव्हता. गावातला एखादा म्हातारा विचारायचा, "वरून आपलं गाव दिसते का रे भाऊ?" तेव्हा मी "ढग असतात ना," असं म्हणून वेळ मारून न्यायचो.

खरं काम असं आहे की हैदराबादला एका विमान कंपनीच्या ऑफिसात, खिडकी नसलेल्या खोलीत बसून मी सीट मोजतो. प्रत्येक उड्डाणाचा हिशेब माझ्या कॉम्प्युटरवर येतो: विमानात सीट किती होत्या, माणसं खरोखर किती बसली, विमान किती किलोमीटर गेलं. बसलेल्या माणसांना किलोमीटरनं गुणायचं, असलेल्या सीटांना किलोमीटरनं गुणायचं, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्यानं भागायचं. महिनाअखेर जे टक्के निघतात ते सरकारदरबारी जातात आणि साहेब लोक ते बघून खूश किंवा नाखूश होतात. याला भारमान म्हणतात. त्याचे नियम कडक आहेत. फुकट प्रवास करणारे कंपनीचे कर्मचारी मोजायचे नाहीत. आईच्या मांडीवरची बाळं मोजायची नाहीत. तिकीट काढून जो आलाच नाही तो मोजायचा नाही. त्याची सीट रिकामी धरायची, मग त्यानं ती महिनाभर आधी धरून ठेवलेली असो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी बाळं मोजली होती आणि एका विमानाचं भारमान एकशे एक टक्के पाठवलं होतं. साहेबांनी मला बोलावून शांतपणे विचारलं, "तो जास्तीचा माणूस कुठे बसला होता, पंखावर?" तेव्हापासून मी फार काळजीपूर्वक मोजतो, आणि नव्या मुलांना शिकवायचं कामही माझ्याकडेच आहे. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच वाक्य घोकायला लावतो: आपण माणसं मोजत नाही, माणूस-किलोमीटर मोजतो. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

परवाच्या हिवाळ्यात सुट्टी काढून गावी गेलो होतो. आमचं गाव कुरखेड्यापासून अठ्ठावीस किलोमीटर आत, जंगलात. मी नेहमी स्वतःच्या गाडीनं यायचो, सिरोंचा, आलापल्ली करत, आणि गावात शिरताना उगाच एकदा हॉर्न वाजवायचो. घरी माय आणि बाई असतात. बाई म्हणजे माझी मोठी बहीण. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. नवरा गेल्यावर ती माहेरी परतली आणि कुरखेड्याच्या एका निवासी शाळेत स्वयंपाकाला लागली. रोज सकाळी सहाच्या बसनं जायचं आणि संध्याकाळी त्याच बसनं परतायचं. बस रात्रभर आमच्याच गावात मुक्कामाला असते.

मी आलो त्याच दिवशी संध्याकाळी बाई बसमधून उतरली, पिशवी टेकवली आणि म्हणाली, "बस बंद होनार म्हनते."

"कोण म्हणते?"

"कंडक्टरभाऊ. आपल्या फेरीचं भारमान कमी आहे म्हनते. सोमवारपासून तपासनीस साहेब येनार, सात दिवस सकाळच्या फेरीत बसून मोजनार. कमी निघालं तं मुक्काम बंद." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "बाबू, तू तिकडं हेच करत नाई का रे?"

बस बंद झाली तर काय होणार हे आम्हा तिघांनाही न बोलता ठाऊक होतं. मायचे गुडघे गेलेले, तिला आडातून पाणी ओढता येत नाही. बाईला सायकल येत नाही, आणि संध्याकाळी वाघाच्या भीतीनं त्या रस्त्यानं कोणी एकटं चालत नाही. म्हणजे बाईनं एकतर नोकरी सोडायची, नाहीतर कुरखेड्यात खोली करून मायला एकटं टाकायचं. मायला मी एकदा हैदराबादला नेलं होतं. ती नऊ दिवस राहिली आणि नवव्या दिवशी तिनं मला सांगितलं की नऊ दिवस झाले.

मी छाती पुढे काढून म्हणालो, "बाई, तू काळजी करू नको. हे तर माझं रोजचं काम आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बस आल्यावर समाजमंदिरात गावसभा घेतली. निम्मं गाव आदल्या रात्री ट्रॅक्टरनं वडशाकडे रात्रभराचं नाटक बघायला गेलेलं, त्यामुळे अर्धे लोक भिंतीला टेकून पेंगत होते. मी फळ्यावर बसचं चित्र काढलं, चव्वेचाळीस चौकोन काढले, त्यातले पंधरा भरले आणि बाकीचे रिकामे दाखवले. भारमान हा शब्द मी त्या संध्याकाळी किमान तीस वेळा उच्चारला असेन. मग तोडगा सांगितला. आमच्या गावात जंगल राखायची पाळी असते. दर घरातून एक माणूस, ठरलेल्या दिवशी, काठी घेऊन. घर श्रीमंत असो की गरीब, पाळी कोणाला चुकत नाही, आणि आमच्याकडे ती कोणी चुकवतही नाही. म्हटलं, तशीच सात दिवस बसची पाळी लावू. रोज तीस घरांतून तीस माणसं बसमध्ये बसतील, नेहमीचे पंधरा आहेतच, सकाळची गाडी फुल्ल.

"मले खळ्यावर धान चुराचा आहे," एक जण म्हणाला. "कुरखेड्याले जाऊन दिवस घालवू काय?"

यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं. कुरखेड्याला जायची गरजच नाही. पाच किलोमीटरवर फाटा आहे, तिथे उतरायचं आणि गटानं चालत परत यायचं, तिकिटाचे पैसे माझे. आठच्या आत माणूस खळ्यावर.

शेवटच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं हात वर केला. "फाट्यावर उतरून कराचं काय?"

"काही नाही. परत यायचं."

"मंग जायचं काऊन?"

"भारमानासाठी," मी म्हणालो. म्हाताऱ्यानं आदरानं मान हलवली. इतका शिकलेला माणूस सांगतो म्हणजे असेल काहीतरी, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बाई दारात उभी राहून ऐकत होती. जाताना फळ्यावरच्या माझ्या बसकडे पाहून म्हणाली, "चाकं नाई काढले बाबू."

सोमवारी सकाळी मी स्वतः बसथांब्यावर यादी घेऊन उभा होतो. पाळी तीस जणांची होती आणि आले साठ. बसची पाळी म्हणजे फुकटची हवा खाणं, असं बायकांच्या लक्षात आल्यावर त्या मुलांना घेऊन आल्या होत्या. एकीच्या कडेवर बाळ होतं, दुसरीच्या बाळ आणि कोंबडी. तपासनीस साहेब पुढच्या सीटवर कागद लावलेली पाटी आणि पेन घेऊन बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला कौतुक दिसलं, निदान मी तसं समजलो. गाडी सुटली तेव्हा दारातसुद्धा माणसं लोंबकळत होती. मी मनातल्या मनात एकशे एक टक्के म्हटलं आणि समाधानानं चहा प्यायला गेलो.

गावाबाहेर लगेच एक टोली आहे, थोड्या घरांची वस्ती. तिथले सातजण रोज मोठमोठ्या टोपल्या घेऊन कुरखेड्याच्या बाजारात जातात. गाडी भरलेली पाहून ते तसेच मागे राहिले आणि पुढे एका खासगी जीपनं गेले. हे मला कळलं ते बुधवारी, आणि बुधवारी बरंच काही कळलं.

बुधवारी फाट्यावर बस थांबली आणि नेहमीप्रमाणे सगळी गर्दी खाली उतरली. तपासनीस साहेबही उतरले आणि त्यांनी समोरच्याच म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, इथी काय आहे? सगळे इथीच काऊन उतरून राह्यले?" गर्दीत नेमका तोच म्हातारा होता, ज्यानं सभेत प्रश्न विचारला होता. खोटं बोलायची त्याला सवयही नव्हती आणि गरजही वाटली नाही. तो म्हणाला, "आमची पाळी आहे साहेब."

"कशाची पाळी?"

"बसची. विमानवाल्या पोरानं लावली आहे."

संध्याकाळी बस आली तेव्हा तपासनीस साहेब बसमधून उतरून सरळ माझ्याकडे आले. बाईनं त्यांना ओट्यावर बसवून पाणी दिलं. माणूस भला होता. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुमी विमानाचं भारमान काढता म्हने," ते म्हणाले.

"हो."

"मंग तुमाले मी काय सांगू? आमी माणसं मोजत नाई, माणूस-किलोमीटर मोजतो."

माझं स्वतःचं वाक्य, जसंच्या तसं, आमच्याच ओट्यावर. त्यांनी पाटी माझ्यापुढे सरकवली आणि मी तिथेच गुणाकार केला. आधी पंधरा माणसं अठ्ठावीस किलोमीटर जायची: चारशे वीस. आता सीट चव्वेचाळीसच भरलेल्या, उभ्यांना धरत नाहीत, आणि पाचच किलोमीटर: दोनशे वीस. फाट्यापुढे टोलीची सात माणसं नसल्यामुळे उरलेली आठ, तेवीस किलोमीटर: एकशे चौऱ्याऐंशी. बेरीज चारशे चार. म्हणजे अख्खं गाव तीन दिवस पहाटे उठवून, बाळं आणि कोंबड्या बसमध्ये कोंबून मी बसचं भारमान कमी केलं होतं.

"अन दुसरं म्हंजे," साहेब जरा अवघडून म्हणाले, "लोक पाच किलोमीटर बसनं येतात अन पायी परत जातात, हे मी डोळ्यानं पाह्यलं. पाह्यलं ते लिहावं लागते. पायी जाऊ शकतात, असा त्याचा अर्थ वरचे लोक काढतीन." त्यांनी पाणी संपवलं. "चार दिवस आहेत अजून. मी काही सांगत नाई. मी फक्त मोजतो."

ते गेल्यावर मी उठून दारापाशी आलो. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती, एकशे एक टक्क्यांच्या वेळीसुद्धा नाही. तेव्हा कोणाची नोकरी जाणार नव्हती. बाई आत भाकरी करत होती आणि मी दारात उभा राहून तिची माफी मागायला शब्द शोधत होतो.

"बाबू, तिकडची पिशवी दे," ती म्हणाली.

तिची वायरची पिशवी उचलायला गेलो तर ती गच्च भरलेली. एवढं काय भरलं आहे म्हणून आत पाहिलं. एका घरच्या रक्तदाबाच्या गोळ्या. दुसऱ्या घरचं झेरॉक्स केलेलं रेशनकार्ड. चष्मा, दुरुस्त करून आणलेला. एक मोबाईलचा चार्जर, दोन घरांचे पासपोर्ट साइजचे फोटो, पाव किलो फरसाण, कोणाच्या तरी नातीची पाटी. रोजची पिशवी अशीच असते, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी गाडीनं येतो, घरी उतरतो आणि गाडीनं जातो.

"हे सगळं तू आणतेस?"

"रोजच जातो ना मी. लोक म्हनतात, बाई चालल्याच आहात तं आना."

 मी पिशवीकडे पाहत होतो आणि ती माझ्याकडे. आमची बस रिकामी का होती याचं उत्तर माझ्या हातात लटकत होतं. गावातली निम्मी माणसं रोज त्या पिशवीत बसून कुरखेड्याला जाऊन येत होती.

बाईला ते माझ्याआधी कळलं असावं. तिनं तव्यावरची भाकरी उतरवली, पदरानं हात पुसले आणि त्याच पावली घराघरात जाऊन आली. तिनं भारमान हा शब्द एकदाही वापरला नाही. प्रत्येक दारात तेवढंच म्हणाली, "उद्यापासून चार दिवस मी कोनाचंच काही आननार नाई. तुमचं तुमी जाऊन या."  बाईनं नाही म्हटल्याचं गावानं पहिल्यांदा ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी गोळ्यावाले गोळ्यांसाठी गेले. रेशनसाठी अंगठा उमटवायचा राहिलेली म्हातारी दोन सुनांना घेऊन गेली. दात दुखणारा माणूस, जो चार महिने बाईकडून लवंगतेल मागवत होता, तो एकदाचा दात काढायला गेला. टोलीतल्या लोकांकडे मी स्वतः गेलो आणि माझी चूक सांगितली. ते हसले, आणि टोपल्या घेऊन परत बसमध्ये चढले. पाळी बंद, यादी बंद. माझ्याकडे काहीच काम उरलं नाही, आणि गाडी कुरखेड्यापर्यंत भरून जायला लागली.

रविवारी, मोजणीच्या शेवटच्या दिवशी, बाईला शाळेत पोरांच्या जेवणासाठी जायचंच होतं. आदल्या दिवशी मी तिला म्हणालो की उद्या मीही येतो, तुझी शाळा बघायला. ती म्हणाली, "खरंच येशीन का?" मी म्हणालो, अर्थात.

सकाळी साडेपाचलाच ऑफिसचा फोन आला. महिनाअखेर होती आणि एका मार्गाचे आकडे जुळत नव्हते. आमच्या गावात बोलण्याइतकं नेटवर्क फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर मिळतं. जिन्याच्या अकराव्या पायरीवर उभा राहून मी कोणत्या तरी विमानातल्या रिकाम्या सीटांबद्दल बोलत असताना खालून आमची बस निघाली. मी फोन खिशात टाकला आणि धावलो. चाळिशीतला, पोट सुटलेला विमानवाला स्लीपर घालून बसमागे धावतो आहे हे दृश्य टोलीतल्या पोरांना फार आवडलं. त्यांनी ओरडून बस थांबवली.

आत शिरलो तर पाय ठेवायला जागा नाही. माणसं उभी, टोपल्या उभ्या. मधल्या रांगेत बाई खिडकीशी बसली होती आणि तिच्या शेजारच्या सीटवर वायरची पिशवी ठेवलेली. पिशवी अगदी रिकामी होती, चपटी. दोन बायका त्या सीटकडे बघत उभ्या होत्या. तपासनीस साहेब नेमके तिथेच पोचले होते.

"बाई, एवढी माणसं उभी आहेत, अन ही सीट रिकामी काऊन?"

"रिकामी नाई साहेब," बाई म्हणाली. "भाऊ येऊन राह्यला माझा."

साहेबांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी घामानं निथळत होतो. पाटीवर एक रेघ ओढून ते पुढे गेले. मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. वडशाला कॉलेजला होतो तेव्हाही बाई अशीच जागा धरायची, खिडकीतून ओढणी टाकून. अकरा वर्षांत मी या गाडीत एकदाही बसलो नव्हतो, हे मला फाटा ओलांडताना लक्षात आलं. भारमान कमी व्हायला जी माणसं जबाबदार होती त्यांची यादी करायची झाली तर माझं घर पहिलं येत होतं.

तीन वाईट दिवस आणि चार चांगले दिवस मिळून आकडा कसाबसा मर्यादेच्या वर राहिला. पुढच्या मोजणीपर्यंत बस चालू राहील, असं पत्र ग्रामपंचायतीला आलं. बाईची नोकरी राहिली, माय घरी राहिली. बाईनं लोकांची कामं आणणं पुन्हा सुरू केलं, पण आता आठवड्यातून दोनच दिवस. मी गाडी घेऊन परत जाताना जाहीर केलं की पुढच्या वेळी गाडी आणणार नाही. रेल्वेनं बल्लारशा, तिथून वडसा, वडशाहून कुरखेडा, आणि कुरखेड्याहून संध्याकाळच्या मुक्कामी बसनं बाईबरोबर गावात. माझ्या निर्धाराचं गावात थोडं कौतुकही झालं.

दोन महिन्यांनी तारीख ठरवली, शनिवार. बाईला कळवलं. शुक्रवारी ऑफिसात अहवालाचं काम निघालं आणि राहिलो. फोन करायचा होता, पण आकडे जुळवण्याच्या गडबडीत दिवस गेला, मग शनिवारचाही गेला. रविवारी संध्याकाळी, कुरखेड्याहून बाईची बस सुटायच्या आधी, फोन केला आणि शरम झाकायला नेहमीच्या थाटात विचारलं, "काय म्हणते बाई भारमान? काल गाडीत किती होते?"

"फुल्ल होती," बाई म्हणाली. "शनिवारचा बाजार होता. लोक उभे होते." मग जरा थांबून म्हणाली, "एक सीट तेवढी होती. पिशवी ठेवली होती मी."

"कुठपर्यंत?"

"गावापर्यंत."

 मी विचारलं, "कंडक्टरभाऊ काही म्हणाले नाहीत?"

"इचारलं ना. रिकामी आहे का म्हने. मी म्हटलं, नाई, भरली आहे."

तिकीट काढून न आलेल्या माणसाची सीट रिकामी धरायची, हा आमचा नियम मी नव्या मुलांना दरवर्षी शिकवतो. त्या महिन्याचा माझा अहवाल वेळेवर गेला, आणि त्यात एकही चूक नव्हती.